आईने घातलेली माफी

छापखान्यात प्रूफं तपासताना ती लेखकाचा एक शब्दही मनाने बदलत नसे. घरी मात्र लेकीच्या चित्रांच्या पुस्तकात तिची बिनदिक्कत ढवळाढवळ चालायची. त्यातली द्वाड मुलगी मावशीच्या अंगावर दूध ओतते आणि जीभ दाखवून पळते. नवरा ते आवाज काढून वाचायचा आणि बापलेक पोट धरून हसायचे.

"अरे, उद्या ही खरंच ओतेल कुणावर!"

"अगं, पुस्तकात भरपूर सांडलं, की घरात सांडावंसं वाटत नाही."

दोघंही हटेनात. म्हणून स्वतः वाचताना ती शेवटी हळूच जोडायची, 'मग तिने मावशीची माफी मागितली.'

लेक नुकतीच अक्षरं लावायला शिकली होती. एका संध्याकाळी तिने ओळीवर बोट ठेवलं. "आई, माफी कुठे लिहिलीये?"

"ती... मी घातली, राणी."

"म्हणजे तू खोटं वाचतेस?"

आईने घाईघाईने शहाण्या सशाचं पुस्तक काढलं. "हे बघ, यात मी काही म्हणजे काही घातलेलं नाही."

लेकीने ते उलटसुलट करून पाहिलं.

"आधी बाबाला विचारून येते," ती म्हणाली.