तिच्याकडची रीत

"हाव सिस्टर," असं म्हणताना ती मान इतकी जोरात हलवायची की डोक्यावरचा पदर खांद्यावर यायचा. काहीही विचारा, उत्तर तेच. मुखेडजवळच्या ज्या गावात मी नर्स आहे, तिथे ती ओडिशातून लग्न होऊन आली होती. मराठी शब्द मोजकेच येत.

लसीकरणाच्या दिवशी बायका तिची गंमत करायच्या. "अगं, तुमच्या घरी हत्ती आल्ता म्हणं?"

"हाव."

"जेवून गेला का?"

"हाव, हाव." सगळ्यांबरोबर तीही हसायची. मीही हसले आहे, ते लपवत नाही.

तिला दिवस गेले. मी दर खेपेला सांगायचे, पाय सुजले, डोकं दुखलं, तर लगेच यायचं. "हाव सिस्टर."

अशा सुना तुमच्याही गावात असतील. त्यांचं वागणं आपण कसं न्याहाळतो, ते आठवून पाहा. ही रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खायची, पायांना लाल रंग लावायची. सासू गाऱ्हाणं घेऊन आली, "सिस्टर, हिला भाकर कडू लागती का? शिळं खाऊन राहिली."

आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच. शिकलेल्यानं चार गोष्टी समजावून सांगाव्यात, असं मला मनापासून वाटतं. म्हणाले, "मावशी, त्यांच्याकडची रीत असते. नावं ठेवू नका."

सासू भली बाई. तिने ऐकलं. पुढे गल्लीत कोणी हसलं की तीच दटावायची, "तिच्याकडची रीत हाय. तुला काय करायचं?"

आठव्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. ती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसली होती. कपाळाभोवती फडकं घट्ट आवळलेलं.

"कालपासून अशीच हाय," सासू हळूच म्हणाली. "आठव्यात बसत असतील त्यांच्याकडं. म्या काही बोलले न्हाई."

"बरी आहेस ना गं?"

"हाव सिस्टर." मान मात्र हलली नाही.

रीतीत आपण मधे नको, म्हणून बीपीचं मशीन मी पिशवीतून काढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके आले. नांदेडच्या वाटेवर ती गेली. मूल पोटातच.

चार दिवसांनी तिची आई आणि भाऊ आले. भावाला हिंदी येत होतं. अंगणात मी त्याला विचारलं, आठव्या महिन्यात डोक्याला फडकं बांधून बसायची तुमच्यात रीत आहे ना?

त्याने आईला विचारलं. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ दाबून दाखवलं.

"रीत नहीं है, सिस्टर," तो म्हणाला. "सर बहुत दुखता है, तब बांधते हैं."

सासू दारात उभी होती. तिला हिंदी कळतं. ती माझ्याकडे बघत राहिली.