फोटो काढणारीचा फोटो

आमच्या घरानं मला फोटोतून कधी बाहेर काढलं नाही. असं कुणी करतं होय? सभ्य माणसं आहेत, चौसाळ्यात चार लोकांत नाव आहे. ते फक्त म्हणायचे, "काढ गं तू, तुझा हात लई चांगला हाय." मग मी कॅमेरा घेऊन समोर जायचे आणि बाकीचं सगळं घर फोटोत बसायचं. कौतुक करून माणूस हाकलून द्यायची ही विद्या ज्यांना साधली, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

हायवेला लागून आमचं फोटोचं दुकान आहे. माझ्या नवऱ्यानं टाकलेलं. तो गेला तेव्हा लेक पहिलीत होती. थोरल्या भावजींचं म्हणणं पडलं की बाईमाणसानं दुकानात बसू नये, शटर भाड्यानं द्यावं. मी दिलं नाही. नवऱ्याच्या हाताखाली जेवढं शिकले होते तेवढ्यावर बसले. शाळेच्या फॉर्मचे फोटो, ऊसतोडीला निघायच्या आधी मुकादमाला द्यायचे फोटो, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाढदिवसाच्या बॅनरसाठी गॉगल लावून येणाऱ्या भावी पुढाऱ्यांची तोंडं गोरी करून देणं. एकेकाला इतकं गोरं करून मागायचं असतं की त्याच्या आईनं ओळखू नये. करते. पोट आहे.

नवरा गेल्यावर माझ्याकडून हळद काढून घेतली, कुंकू काढून घेतलं, ओटी भरणं, ओवाळणं सगळं गेलं. कॅमेरा तेवढा राहिला. कॅमेऱ्याला विटाळ होत नाही, असा शोध आमच्या घरानं लावला होता. बारशाला मी पाळण्याजवळ जायचं नाही, पण पाळण्याचा फोटो मीच काढायचा. डोहाळजेवणाला बायका मला बघून पदर सावरायच्या आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला की गोड हसायच्या. म्हणजे माझं बोट चालायचं, तोंड चालायचं नाही.

यात सगळ्यात हुशार माझी थोरली जाऊ. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांनी विधवा हा शब्द माझ्यासमोर एकदाही उच्चारला नाही, हे मी मानते. त्या स्वतः कॅमेऱ्याची बॅग आणून माझ्या हातात द्यायच्या, खांद्यावरून हात फिरवायच्या. एकदा देवाला गेलो होतो. संध्याकाळचं ऊन माझ्या पाठीमागून आलं आणि फोटोत माझी सावली सगळ्यांच्या पायांवर पडली. अक्कांनी फोटो बघितला आणि प्रेमानं म्हणाल्या की सावली आली गं, जरा नीट काढत जा.

आता कुणी म्हणेल, कॅमेऱ्यात टायमर असतो, तो लावून पळत जाऊन बसायचं. शहाणपण शिकवू नका. ते मी केलं होतं. पुतण्याच्या साखरपुड्याला कॅमेरा स्टुलावर ठेवला, टायमर लावला आणि धावत जाऊन कडेला उभी राहिले. फोटो झकास आला. भावजींनी तो बीडहून फ्रेम करून आणला आणि हॉलमध्ये लावला. बघते तर माझ्या अलीकडंच फ्रेम संपली होती. माझ्या पदराचा बोटभर तुकडा तेवढा काठाला राहिला होता. विचारलं तर अक्का म्हणाल्या, फ्रेम ल्हान पडली. फ्रेम काय झाडाला लागते? माप सांगून करून घेतात ती.

त्या दिवसापासून मी नाद सोडला होता. पण लेकीचं लग्न ठरलं आणि माझ्या जिवाला घोर लागला.

आमच्या घराची एक रीत आहे. पोरगी सासरी जाते तेव्हा हळदीच्या दिवशी सगळं घर तिच्याभोवती बसतं, फोटो निघतो, आणि तो फ्रेम करून रुखवताबरोबर तिच्या सासरी जातो. तिकडं तो भिंतीला लागतो. येणारा-जाणारा बघतो की ही कुणाची कोण. माझ्या माहेरातही हेच आहे. मी माझा आणला होता, आणि त्यात माझी आई मला चिकटून बसलेली आहे. माझ्या लेकीच्या भिंतीवर मी नसणार, ही गोष्ट मला सहन होईना. कन्यादानाला भावजी आणि अक्का बसणार होते, ते मी गिळलं. अक्षता पडताना मी मागं उभी राहायचं, तेही गिळलं. हे मात्र घशाखाली उतरत नव्हतं.

सेल्फी म्हणाल तर लेकीच्या मोबाइलमध्ये आम्हा दोघींचे सेल्फी पोत्यानं आहेत. नाक पुढं, कपाळ गायब, मागं कुणाची तरी म्हैस. सेल्फी फ्रेम करून सासरच्या भिंतीला कुणी लावत नाही. तिथं घर लागतं.

लेक अंबाजोगाईला नर्सिंग शिकली, तिथंच दवाखान्यात कामाला आहे. लग्नासाठी आली तेव्हा तिनं पर्समधून खोडरबराएवढी एक काळी वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. माझ्या कॅमेऱ्याचा रिमोट. मी नाक मुरडलं. खेळणं आणलंस म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला दुकानात ओढत नेलं. कॅमेरा स्टँडवर लावला, समोर स्टूल ठेवलं, स्टुलावर फोकस धरून तो तसाच पक्का केला. नाहीतर समोर माणूस नसताना कॅमेरा मागच्या भिंतीवर नजर लावतो आणि माणसं धुरकट येतात. मग आम्ही दोघी स्टुलाच्या जागेवर बसलो, तिनं रिमोट कॅमेऱ्याच्या तोंडाकडं धरला आणि दाबला. खट्. मला हसू आलं, नाही कशाला म्हणू.

"मम्मी, तू कडंला बसायचं न्हाई," लेक म्हणाली. "माझ्याजवळ बसायचं. मधलं माणूस कुणाला कापता येत न्हाई."

हळदीच्या सकाळी पाच सवाष्णींनी लेकीला हळद लावली तेव्हा मी आत चहा गाळत होते. चहाला माझा हात चालतो, हेही सांगून ठेवते. सगळं आटोपल्यावर मांडवात सतरंजी टाकली, मधे पाटावर लेकीला बसवलं आणि घर तिच्याभोवती गोळा झालं. अक्का एका बाजूला, भावजी मागं खुर्चीवर, बाकीचे जिथं सापडेल तिथं. अक्कांनी मला आवाज दिला. हात लई चांगला हाय वगैरे सगळं आलंच.

मी कॅमेरा स्टँडवर लावला, फोकस पक्का केला आणि सांगितलं की आज हाताचं काम नाही, रिमोट आहे, मीपण बसते.

भावजींनी हात पुढं केला, बघू म्हणाले आणि रिमोट घेतला. आमच्याकडं रिमोट दिसला की तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात जातो, मग तो टीव्हीचा असो की कशाचा असो. त्यांनी खुर्चीवर टेकून हात लांब केला आणि बातम्या बदलाव्यात तसा तो कॅमेऱ्यावर रोखला. ऊन नेमकं कॅमेऱ्याच्या तोंडावर होतं. अशा उन्हात रिमोटचा सिग्नल कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर मला हातानंच गप्प बसवलं. मग त्यांनी जोरात दाबला. झटकून दाबला. तळहातावर आपटला. शेवटी त्यातला सेल काढून पँटीला घासला आणि उलटा घातला. एवढा मोठा कर्ता माणूस, गावात भांडणं मिटवायला जातो, आणि गुंडीएवढ्या सेलची वरची बाजू कुठली ते कळेना. चायना माल, असा निकाल देऊन रिमोट त्यांनी खिशात घातला.

अक्कांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. जाऊ दे गं, तूच काढ, म्हणाल्या.

मी बरं म्हटलं. कॅमेऱ्याजवळ गेले आणि टायमर लावला. वीस सेकंदांचा, एकामागं एक तीन फोटो निघतील असा. बटण दाबलं, परत आले आणि लेकीच्या पाटाला लागून सतरंजीवर बसले. यावेळी पळाले नाही. चालत आले.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला पाहिजे. आमच्याकडं फोटोवाला "हं, इकडं बघा" म्हणेपर्यंत फोटो सुरू झाला असं कुणी धरतच नाही. तोवर पदर नीट करायचा, पोरांना दटावायचं, तोंडातली तंबाखू थुंकायची, कुणाचं तरी उणंदुणं काढायचं. इकडं बघा म्हटलं की सगळे एकदम शहाणे होतात. ही सवय त्यांना मीच लावलेली, इतकी वर्षं तेच तर म्हणत आले. त्या दिवशी मी ते म्हटलं नाही. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही की हे सुरू आहे.

अक्कांनी माझं कोपर धरलं. आवाज एकदम साखरेतला.

"अगं, आज तिच्याजवळ न्हाई बसायचं. हळदीचं अंग हाय तिचं. वाईट नको वाटून घेऊ, ऊठ."

वाईट वाटून घेऊ नको म्हणत म्हणत त्या मला ओढत होत्या. बांगड्या भरलेल्या हाताला चांगला जोर असतो, मला ठाऊक नव्हतं. मागून भावजी अर्धे उठून काहीतरी सांगायला लागले, पोरीचं चांगलं व्हावं वाटत नाही का, असलं काही. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. माझ्या पोरीचं चांगलं कशात आहे ते हे मला सांगणार. लेकीनं तिच्या हळदीनं भरलेल्या हातानं माझं दुसरं मनगट घट्ट पकडलं.

"अक्का, सोडा तिला."

एवढ्यात दिवा भराभर लुकलुकला आणि खट् खट् खट्. सगळे दचकले. फोटो निघाला? कुणी काढला? इकडं बघा कुणी म्हणलं?

मी उठून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. तीन फोटो. पहिल्यात अक्कांची बोटं माझ्या कोपरात रुतलेली आणि तोंडावर ते प्रेमळ हसू. दुसऱ्यात भावजी अर्धे उभे, तोंड वासलेलं. तिसऱ्यात लेकीचा पिवळा हात माझ्या मनगटावर, ती अक्कांकडं बघते आहे, अक्का तिच्याकडं, बाकीचे त्या दोघींकडं. तिन्ही फोटोंत कॅमेऱ्याकडं नीट बघणारी मी एकटी. कधी निघणार ते मलाच ठाऊक होतं.

अक्कांनी पडदा बघितला नाही, बघायची गरजही वाटली नाही. हे काही खरं नव्हे, आता एक नीट काढ म्हणाल्या. सगळ्यांनी पुन्हा पदर सावरले, भावजी खुर्चीवर ताठ झाले. आणि मी मेली, इतक्या वर्षांची सवय, मुकाट्यानं स्टँडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. टायमर काढला. बटणावर बोट ठेवलं. माझाच मला संताप आला, पण बोट तिथंच होतं.

लेक पाटावरून उठली. हळदीची पावलं सतरंजीवर उमटवत सरळ माझ्याकडं आली आणि शेजारी उभी राहिली.

"अगं, उठलीस कावून?" अक्का म्हणाल्या.

"मम्मी फोटोत न्हाई तर मी बी न्हाई," लेक म्हणाली. "काढ मम्मी, तुझा हात लई चांगला हाय."

सगळ्यांच्या माना कॅमेरा सोडून आमच्या दोघींकडं वळल्या. मधे पाट रिकामा आणि भोवती सगळं घर. मला वाटलं आता अक्का म्हणतील, ये गं, बस तूपण. एवढे चार शब्द म्हणायला किती लागतं? त्या म्हणाल्या नाहीत. कुणीच म्हणालं नाही. मी बटण दाबलं.

लग्न थाटात झालं. कन्यादान त्यांनीच केलं, जेवणावळी उठल्या, ड्रोनवाल्यानं मांडवाचं छत वरून छान दाखवलं. लेकीनं त्या तीन फोटोंतला तिसरा मोठा करून घेतला, तो आता तिच्या सासरच्या भिंतीवर आहे. तिची सासू म्हणे पहिल्या दिवशी बराच वेळ त्याच्यासमोर उभी होती.

चौथा, तो रिकाम्या पाटाचा, मी दुकानात लावलाय, गिऱ्हाईक बसतं त्याच्या समोरच. अक्का त्यानंतर दुकानाची पायरी चढलेल्या नाहीत. परवा बॅनरसाठी आलेला एकजण तो बघत बसला होता.

"ताई, ह्यो फोटो फसला की. सगळे कॅमेरा सोडून बाजूला बघायलेत."

"फसला न्हाई," मी म्हटलं. "तिथं मी उभी होते."