फर्माईश करणाऱ्यांची नावं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी ज्याला रेडिओवर आणलं नाही, असा मराठी माणूस सिंगापुरात शोधूनही सापडायचा नाही. मुलाखतीला नव्हे हो, फर्माइशीत! इथलं एक बोलघेवडं स्टेशन आठवडाभर गुडघेदुखी आणि घराची कर्जं यांवर तावातावाने बोलतं, आणि रविवारी सकाळी बहुधा घसा बसल्यामुळे तासभर जुनी हिंदी गाणी लावतं. ते एएमवर नाही हे काकांना कितीही सांगा, ते त्याला एएमच म्हणणार. 'रेडिओ म्हणजे एएम, बाकी सगळे स्पीकर,' हे त्यांचं ठाम मत. 'आजोबा, सगळं फोनवर मिळतं लाह!' असं नात सिंगापुरी हेल काढून म्हणाली, की ते तिला बिस्किट देऊन गप्प करतात.

फर्माइशीचा फोन करण्याआधी काका आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालतात. 'दिसतंय कुणाला?' असं मी एकदा विचारलं, तर माझ्या मळक्या टी-शर्टकडे बराच वेळ बघत राहिले. गावाकडे फर्माइशीत अख्ख्या आळीची नावं घालायची पद्धत होती, ती त्यांनी इथे आमच्या बेडोक वस्तीत जशीच्या तशी चालू ठेवली. आम्ही दोघं, आमची मुलं, हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतले कॉफीवाले चिनी अंकल, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला तमिळ मेकॅनिक, सगळे त्या यादीत. एकदा त्यांनी ताटातुटीचं एक रडवेलं गाणं माझ्या नावावर 'सपत्नीक' मागितलं. सोमवारी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात माझ्या दिल्लीवाल्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, 'घर पे सब ठीक है ना?' बायको अजून त्यावरून मला छळते.

या सगळ्या वरातीच्या पुढे पहिलं नाव मात्र ठरलेलं असे: शालिनी. या आमच्या काकू. त्या गेल्यावरच काका पुण्याचं घर बंद करून मुलीकडे आले. मुलगी आईचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते, जावई भला पण त्याला काय बोलावं सुचत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा रेडिओवरची ती निवेदिका 'शालिनीजी' म्हणायची, तेवढंच.

आणि गेल्या महिन्यात स्टेशनने नियम काढला. वेळ कमी, जाहिराती जास्त. यापुढे एका गाण्याला एकच नाव, फोन करणाऱ्याचं. मी समजूत घालायला वर गेलो. म्हटलं, 'काका, गाणी तर लागणारच आहेत ना?'

'गाणी रे काय, कुठेही लागतात,' ते म्हणाले. 'तिचं नाव कोण घेणार आता?' मुलगी दारात उभी होती, ती या वेळी आत गेली नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम वर जाऊन बसलो. काका इस्त्रीच्या शर्टात फोन कानाला लावून ताठ उभे. शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर निवेदिकेचा आवाज आला, 'जी, कौन बोल रहे हैं?' आम्हा सगळ्यांना, कॉफीवाल्या अंकलना, स्वतःलासुद्धा काकांनी त्या दिवशी वगळलं. आपल्या भसाड्या, घोगऱ्या आवाजात म्हणाले, 'बेडोक से, शालिनी.'

इतकी वर्षं त्यांचा आवाज ओळखणारी ती बाई आता हसते की फोन ठेवते, या धास्तीने मी उठून रेडिओच्या खोलीच्या दाराशी गेलो. मग ती अगदी नेहमीच्या आपुलकीने म्हणाली, 'नमस्ते शालिनीजी। आज आप खुद! कैसी हैं आप?'

मुलीने पुढे होऊन काकांचा हात धरला.

'मजेत,' ते मराठीत म्हणाले, 'मजेत आहे ती.'