कुंकू लावलेल्या पिना

एकोणीसशे एकसष्ट, अश्विनातली अष्टमी. गाडीचा स्टिअरिंग रॅक बदलायचा होता. रॅक म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आडवा बसणारा दातेरी दांडा. स्टिअरिंग फिरवलं की तो डावीउजवीकडे सरकतो आणि त्याच्याबरोबर चाकं वळतात. आमच्या गाडीतल्या दांड्याचे दात झिजले होते.

गाडी इंग्रजी बनावटीची, छोटी, हिरवी, आमच्या लग्नाहून जुनी. पोलाद कारखान्यातले एक साहेब बदलीवर गेले तेव्हा त्यांच्याकडून ती ह्यांनी घेतली होती. पंधरवड्यापूर्वी दुर्गहून येताना समोरून गिट्टीचा ट्रक आला. ह्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तरी गाडी सरळच जात राहिली, आणि मग एकदम वळली. ट्रक ह्यांच्या कोपराजवळून गेला. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती, तिला काही कळलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून गाडीत बसले की दाराची कडी धरून बसत असे.

मी घाबरट नाही. आमचं क्वार्टर तेव्हा नवंच बांधलेलं, मागे सगळी झाडी. न्हाणीघरात साप निघाला तर काठी मीच घ्यायची. पण साप दिसतो. गाडीच्या पोटात काय सैल झालं आहे ते दिसत नाही.

हे रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला होते. मिस्त्रीकडे गाडी टाकायची त्यांना लाज वाटे. माझ्या भावानं नागपूरच्या भंगारबाजारातून बरा रॅक शोधून पाठवला आणि सकाळीच अंगणात काम सुरू झालं. पुढचा भाग विटांवर आणि लाकडी ठोकळ्यांवर चढवला, चाकं काढली. मी नट फिरवायचे पाने हातात देत होते. जुना दांडा सोडवताना ह्यांनी दोन्ही टोकांच्या नटांमधून एकेक लोखंडी पीन उपसून काढली. केसांच्या आकड्यासारखी, दोन पायांची. मी विचारलं, ही कशाला? ते म्हणाले, "नट फिरू नये म्हणून. ही नसली तर नट हळूहळू उतरतो. नट गेला का चाक मोकळं. मंग तू इकडे फिरव का तिकडे फिरव."

दुपारपर्यंत नवा दांडा बसला, टोकं जोडली, नट चढले. तेवढ्यात मिलमधून निरोप्या सायकलवर आला. मोठा बिघाड होता, लगेच बोलावलं होतं. मी डबा भरायला आत गेले. ह्यांनी घाईघाईनं चाकं चढवली, गाडी ठोकळ्यांवरून उतरवली आणि ग्रीसच्या हातांनीच गेले.

ते परतले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळे लाल करून. तो दिवस खंडेनवमीचा. सासूबाई वर्ध्याकडच्या, ह्या बाबतीत फार कडक. त्यांनी अंगणातलं लोखंड गोळा करून, चिंचेनं घासून, पाटावर मांडलं होतं. पाने, हातोडी, पक्कड, माझी विळी आणि कात्री. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. गाडीलाही कुंकवाचं बोट आणि हार. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही.

मी ह्यांना विचारलं, गाडीचं काही राहिलं का? ते म्हणाले, सगळं टाईट केलं आहे. मी पुन्हा विचारलं. "अवं, मिलमध्ये एवढाले रोल बसवतो मी," असं म्हणून ते झोपले. उरलेला दिवस गाडी हार घालून अंगणात उभी होती. मी येता-जाता तिच्याकडे बघत होते.

दसऱ्याला सकाळी हे, सासूबाई आणि मुलगी चरोद्याला निघाले. तिथे रेल्वे कॉलनीत माझे दीर राहत, त्यांच्याकडे सोनं द्यायला. मला पुरणाचा स्वयंपाक होता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी पाट आवरायला घेतला. पाने पुसले. पक्कड उचलली. तिच्याआड, झेंडूच्या फुलाखाली दोन पिना होत्या. शेजारी शेजारी, नीट मांडलेल्या. एकेकीला कुंकू, वर अक्षता.

गॅस तेव्हा कुठला. शेगडीतले निखारे ओढले, पिना मुठीत घेतल्या आणि मोठ्या रस्त्यावर आले. सणाचा दिवस, रिक्षा नाही. एक ट्रक येताना दिसला तशी मी रस्त्यात उभी राहिले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला आणि डोकं बाहेर काढून काय झालं म्हणून तिकडच्या बोलीत विचारलं. "का होगे ओ बाई?"

मी हिंदीत सांगितलं की पुढे आमची गाडी गेली आहे, तिचं चाक निघणार आहे. त्यानं काही न विचारता दार उघडलं.

सगळा रस्ता मी डावीकडच्या खड्ड्यात बघत होते. बांधकामासाठी रस्त्याच्या कडेनं माती उपसलेली होती, खड्ड्यांतून पावसाचं पाणी साचलेलं. प्रत्येक खड्ड्यात मला हिरवा पत्रा आणि मुलीचा पिवळा फ्रॉक दिसत होता. एका ठिकाणी माणसं गोळा झालेली होती. मी ट्रक थांबवायला सांगितला. बैल बसला होता, उठत नव्हता. पुढे एका वळणावर समोरून ट्रकांची रांग आली. ह्यांनी इथे स्टिअरिंग किती फिरवलं असेल, असं मनात आलं आणि मी डोळे मिटून घेतले. मग लगेच उघडले. न बघता कसं चालेल?

गाडी दिरांच्या क्वार्टरपुढे उभी होती, हारासकट. मुलगी बॉनेटवर बसून करंजी खात होती. तिला खाली उतरवताना माझ्या हाताची पकड इतकी घट्ट होती की ती ओरडली.

ओट्यावर सगळे आपट्याची पानं देत-घेत होते. मी ह्यांच्यापुढे मूठ उघडली. जाऊबाईंना वाटलं मी सोनंच देते आहे, त्या पाया पडायला वाकल्या. ह्यांनी पिना बघितल्या. ते धोतरासकट गाडीखाली गेले.

डाव्या बाजूचा नट शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. नट ज्या निमुळत्या खिळ्यावर चढतो तो खिळा आपल्या भोकात रुतून बसला होता, म्हणूनच चाक अजून वळत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "लोखंडाचं होतं, मी हत्यार समजली. तुले पाहिजे होतं तर कावून नाही सांगितलं?"

"तू पूजा केली म्हणून तर पोचलो, माय," हे म्हणाले.

"आणि सुनेनं ट्रक थांबवला म्हनून घरी जाशीन," त्या म्हणाल्या. दीर हसले. मला हसू आलं नाही.

दिरांकडे आमच्या नटाच्या मापाचा पाना नव्हता. गाडी तिथेच ठेवून आम्ही लोकलनं परतलो. मुलीला मी वाटभर मांडीवरून उतरू दिलं नाही. निखारे ओढले होते तरी शेगडीच्या धगीवर पुरण पार करपलं होतं.

सासूबाई दिरांकडेच राहिल्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला शेजारच्या बाईंकडे ठेवलं आणि पान्यांची पिशवी घेऊन ह्यांच्याबरोबर चरोद्याला गेले. ह्यांनी नट आवळले, पिना घातल्या, त्यांचे पाय वाकवले. मग मी जुनं लुगडं अंथरून गाडीखाली शिरले आणि दोन्ही पिना स्वतःच्या बोटांनी ओढून पाहिल्या. हलल्या नाहीत. बाहेर येऊन ह्यांच्या शेजारी बसले आणि दाराची कडी धरली.