घरातला तांडेल

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. आताही तुमच्याशी बोलता बोलता दोनदा उठून दाराबाहेर बघून आलो — कुणी नव्हतं. सवय, दुसरं काय.

मी गलबतावर तांडेल होतो. मालवणहून मुंबईला माल न्यायचा, आठ खलाशी हाताखाली. शीड उतरवा म्हटलं की उतरायचं; का म्हणून विचारायची कुणाची छाती नव्हती. पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढलं की मी चार महिने घरी. आणि घरी — कसं सांगू? — मला हुकूम देण्याचा कंटाळा यायचा. कंटाळा नव्हे. आता तरी खोटं कशाला बोलू? मला हुकूम ऐकायला आवडायचं. माझ्या बायकोचा. चंद्राचा.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मीच तिला विनवलं. आधी ती पोट धरून हसली. मग विचार करून म्हणाली, "बरा. पण मालकीण म्हणशीत तर चलाचा नाय. मालकीण म्हंजे मालकाची बायल. माका तांडेल म्हण."

बाईमाणसाला कुणी तांडेल म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पण तिला तो मान जसाच्या तसा हवा होता, आणि मला तो देण्यात सुख होतं. दार लावून ती खुर्चीत बसायची, मी खाली. तिचे पाय धुवायचे, तिने सांगितल्याशिवाय मान वर करायची नाही. एक शब्द तिनेच ठरवून दिला होता — नांगर, गलबत जागीच थांबवणारा. मी नांगर म्हटलं की ती तिथल्या तिथे थांबायची, शेजारी बसून पाणी द्यायची. एकदाही चुकली नाही. आम्ही सुखात होतो, हे मुद्दाम सांगतो.

मग एका हंगामात मी शीड चढवा म्हणून ओरडलो आणि एक खलाशी हसला. बस, एवढंच. का हसला? दुकानात मी शिरल्यावर माणसं गप्प का झाली? शेजारच्या काकीने खिडकीतून पाहिलं? की चंद्रानेच मसुऱ्याच्या जत्रेत बहिणीच्या कानात घातलं? तिला विचारलं, ती नाही म्हणाली. पण नाही म्हणण्याआधी क्षणभर थांबली — की मलाच तसं वाटलं? तिने बोलण्याआधी आपण बोलावं, असं मी ठरवलं.

थोरल्या भावाकडे गेलो. म्हटलं, "दादानू, ती माका काय तरी करता, पायाशी बसयता. मी माझ्या शुदीत नसतंय."

दादाने देवाला कौल लावायचं ठरवलं. गुरवाने मूर्तीवर पाकळ्या लावल्या — उजवी पडली तर बाई चांगली, डावी पडली तर तिला बाहेरचं काहीतरी लागलंय. डावी पडली. मानकऱ्यांनी दरडावून विचारलं, नवऱ्याला पायाशी बसवतेस हे खरं? त्यानेच विनवलं, एवढं म्हणाली असती तरी सुटली असती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नांगर."

देवळात तो शब्द फक्त मला कळला. मानकरी म्हणाले, बघा, बरळते. आणि मी — मी म्हणालो, "घरातय अशीच बरळता."

तिला वर्षभर माहेरी ठेवलं. तिथे बायका पोरांना तिच्यापासून दूर ओढायच्या, असं ऐकलं. परत आली ती त्या खुर्चीत पुन्हा कधी बसली नाही. चारचौघांत काय, दार लावल्यावरही काय, ती मलाच तांडेल म्हणायची. अगदी अदबीने.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. बाराव्याला तिची बहीण माझ्याजवळ येऊन बसली. "भावोजीनू, देवळात ती बोलली ता नांगर म्हंजे काय होता हो? मी कितीदा इचारलंय. तिणा मरापर्यंत काय सांगूक नाय."

मी म्हटलं, मला काय ठाऊक.