गुडघ्यावरच्या पगड्या

पगडी बांधून झाली की गिऱ्हाईक आपलं डोकं घेऊन घरी जातं. बोललेलं मात्र दुकानातच राहतं. चाळीस वर्षं मी देवासला टेकरीखाली पगड्या बांधल्या. कापड सगळं गेलं, बोलणी तेवढी उरली. कोणी जवळ येऊन बसलं की एखादं काढून दाखवतो. घाई मात्र करू नका, मला सावकाशच सांगता येतं.

* * *

पगडी आम्ही गुडघ्यावर बांधतो. एक पाय दुमडून बसायचं आणि गुडघ्याभोवती पीळ चढवत न्यायचे.

एकदा खातेगावचे एक पटेल आले. मुलीच्या लग्नासाठी पगडी हवी होती. मी कापड गुडघ्याला गुंडाळायला लागलो तसे भडकलेच.

"ई कई करो हो भिया? म्हारो माथो थारा घुटना जित्तो है कई?"

बांधून झाली, अलगद उचलली, त्यांच्या डोक्यावर ठेवली. तंतोतंत बसली!

पटेलांनी आरशात पाहिलं. मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग जवळ सरकून हळूच म्हणाले, "घर पे किसी को मत बताणा, भिया!"

* * *

देवासला येण्याआधी मी धारला वडिलांच्या हाताखाली होतो. धामनोदकडचा एक शेतकरी कचेरीत साक्ष द्यायला आला. डोक्याला धुळीनं भरलेलं फडकं. "असा आत जाऊ नको," म्हणून वडिलांनी त्याला स्वच्छ पागोटं बांधून दिलं. चांगलं घट्ट.

तो कळवळला. "दादा, जरा ढीली करो, माथो दुखे!"

वडील म्हणाले, "साक्षीला घट्टच असावी. घट्ट पगडीत खोटं सुचत नाही."

दुपारी तो परत आला. साक्ष झाली होती. डोकं पुढे करून म्हणाला, "अब ढीली कर दो दादा. अब समधी के घर जाणो है!"

* * *

देवासला तेव्हा एका गावात दोन राज्यं होती. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. दोन दरबार, आणि पगडीची ठेवणही दोन तऱ्हेची. आमचे दिगंबरपंत थोरल्या पातीत कारकून आणि सासुरवाडी धाकट्या पातीत.

पंतांची एकच आस होती. दसऱ्याच्या दरबारात बसायला जागा मिळावी. बारा वर्षं ते दाराशी उभ्याने दरबार पाहत होते. त्यांच्या आईंना तर त्याहून घाई. वर सज्ज्यात बायका चिकाच्या पडद्याआड बसत. आई म्हणत, "दिगू बसलेला एकदा चिकातून बघते. मग मी मोकळी."

एका दिवशी दोन लग्नं आली. एक अलीकडे, एक पलीकडे. पंत म्हणाले, "गणबा, अशी बांध की दोन्हीकडे चालेल."

मी बांधली आपली मधलीच कायतरी.

दुसऱ्या दिवशी पंत खुशीत आले. "कमाल केलीस! इकडच्यांना वाटलं मी तिकडचा, तिकडच्यांना वाटलं मी इकडचा. दोन्हीकडे पाहुणा म्हणून पहिल्या पंगतीला!"

* * *

गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर एक नियम होता. देशी जोडा असला तर दाराशी काढायचा. विलायती बूट असले तर पायात ठेवून आत जायचं. पंतांना इंदूरच्या छावणीत साहेबाकडे कागद घेऊन जायचं होतं. त्यांनी महूहून कोणाचे तरी जुने बूट आणले. ऐटीत आत गेले, ऐटीत बाहेर आले. घरी पोचेपर्यंत पाय असे सुजले की बूट निघेनात!

आई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. चामडं घालून आत येऊ देईनात. पंत ओट्यावरच बसले. ताट बाहेर आलं. आई ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "साहेबाच्या घरात जाता येतं आणि स्वतःच्या घरात येता येत नाही! असला जोडा काय कामाचा रे, दिगू?"

शेवटी आमच्या शेजारचे बाबूमियां शिंपी कात्री घेऊन गेले. बूट कापता कापता म्हणाले, "पंतजी, हिलना मत. आजतक कपडे में से आदमी नहीं निकाला!"

* * *

दसऱ्याला दरबाराच्या देवडीवर तात्यासाहेब उभे असत. जुने कारभारी, पांढऱ्या मिशा. प्रत्येकाचा पोशाख डोक्यापासून पायापर्यंत बघत आणि मगच आत सोडत. पगडी ढिली झाली तर सावरायला मीही सुईदोरा घेऊन तिथेच कोपऱ्यात उभा असे.

एका दसऱ्याला त्यांनी स्वतःच्या जावयाला परत पाठवलं. डगल्याचं एक बटण नव्हतं.

कोणी तरी म्हणालं, "अहो तात्यासाहेब, जावई आहेत!"

"जावई घरचे," तात्यासाहेब म्हणाले. "बटण दरबारचं."

* * *

पुढे एका वर्षी दरबाराच्या यादीत पंतांचं नाव आलं. बसायला जागा, मागच्या रांगेत का होईना! आणि त्याच वर्षी श्रावणात आई गेल्या.

पंतांच्या घरचा रिवाज, दुखवट्यात वर्षभर डोक्यावर रंगीत कापड चढवायचं नाही. तेराव्याला सासरच्यांनी दिलेलं पांढरं पागोटंच बांधायचं. आणि दसऱ्याच्या दरबारात पांढरं चालत नसे. लाल पाहिजे. गेले नाहीत तर जागा दुसऱ्याला. मग पुन्हा किती वर्षं, कोण जाणे.

दसऱ्याच्या सकाळी पंत दुकानात आले. मांडीवर एका बाजूला पांढरं कापड, दुसऱ्या बाजूला लाल. म्हणाले, "गणबा, तूच सांग. आईनं बारा वर्षं वाट पाहिली. आता तिच्याच दुखवट्यात लाल घालून बसू?"

मी पांढरं कापड उचललं. त्या दिवशी गुडघ्यावर नाही बांधलं, त्यांच्या डोक्यावरच बांधलं. पातळ, एकेक पीळ दाबत. मग त्याच्यावर लाल चढवलं. पांढरं कुठे दिसू दिलं नाही. पगडी जरा मोठी झाली.

बाबूमियां आपल्या दुकानातून बघत होते. एरवी काही तरी बोलले असते. त्या दिवशी उठून उभे राहिले.

देवडीवर मी आधी जाऊन थांबलो. पंत आले. तात्यासाहेबांनी बटणं बघितली, कंबर बघितली, मोजे बघितले. मग नजर वर गेली आणि तिथेच थांबली. उजव्या कानामागे बोटभर पांढरं बाहेर आलं होतं. चालताना सरकलं असावं. पंतांनी मान खाली घातली.

मागे माणसं खोळंबली होती. तात्यासाहेब पुढे झाले. एका बोटानं ती पांढरी कोर लाल पदराखाली सारली. मग बाजूला होऊन वाट दिली.

"आईंना सांभाळून न्या, पंत," ते म्हणाले. "आत गर्दी आहे."