झोळीतली टाकी

आज सारासाठी चिंच कोळताना खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू केली. चिंच आणि पेट्रोलचा वास एकत्र आला आणि मी बंगळूरच्या जुन्या घराच्या पडवीत पोचले.

बाबा गेल्यापासून त्यांची मोटरसायकल पडून होती. अक्काला ती चालवत कारखान्यात नोकरीला जायचं होतं. बाबांनीच तिला शिकवली होती. काकांनी मात्र गाडी भंगारात काढायचं ठरवलं. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

आम्ही गाडीची टाकी सोडवली. आत जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर होता, त्याखाली गंज. रॉकेलने थर सुटला, गंज सुटेना. तेव्हा आईने माळ्यावरून आमची लहानपणची झोळी काढली. टाकीत चिंचेचं पाणी आणि मूठभर लोखंडी नट भरून तिने तोंड घट्ट बांधलं आणि टाकी झोळीत निजवली. दुपारभर आम्ही झोके देत होतो. आत खळखळाट चालला होता.

"स्वल्प हळू गं, बाळ उठेल," शेजारच्या कन्नड अज्जी कुंपणावरून म्हणाल्या.

"उठायलाच हवंय, अज्जी," अक्का म्हणाली.

तेव्हा मी स्त्री चळवळीच्या पत्रकांतून समता पाठ करत होते. ती पहिल्यांदा पाहिली मात्र त्या झोळीत, हे आज मी ठामपणे सांगते.

संध्याकाळी टाकी परत बसवून, नवं पेट्रोल घालून गिऱ्हाईकाच्या देखतच अक्काने किक मारली. गाडी धडधडू लागली.

काका खूश झाले. "आता भाव बरा येईल."

"चालू गाडी कशाला विकायची, काका? बसा मागे."

काकांनी गिऱ्हाईकाकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि ते मागे बसले.